थोरल्या सारंगीची पेटी

माझं आजही म्हणणं आहे की त्या दुभाष्यानं मला आधी सांगायला हवं होतं. रशियन भाषा शिकला होता म्हणजे त्या माणसांच्या रीतीही शिकला असणार. काय चाललं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तो टोपी मांडीवर ठेवून खाली बघत बसला. रशियन साहेबाला मी दोष देत नाही. पण दुभाष्याचं कामच काय? एकाच्या मनातलं दुसऱ्याला सांगणं. ते त्यानं त्या दिवशी केलं नाही.

मी भंडाऱ्याकडचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा इकडे आलो. करवत, रंधा आणि कोणाचं ऐकून न घेणारा स्वभाव, एवढंच बरोबर होतं. कारखान्याची यंत्रं रशियाहून यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. यंत्र निघालं की खोकं मैदानात पडून राहायचं आणि मजूर त्या फळ्या चुलीत घालायचे. सुंदर पाइन, सरळ रेषेचं, वास येणारं. मला ते बघवेना. मी घासाघीस करून ती खोकी उचलायला लागलो आणि त्यांची टेबलं, कपाटं, पाळणे करून विकायला लागलो. सेक्टरांतली नवी क्वार्टरं भरत होती. लोक गावाहून ट्रंक आणि वळकटी घेऊन यायचे, त्यांना बसायला काहीतरी लागायचंच.

घासाघीस मी शाळेत शिकलो नाही, बैलबाजारात शिकलो. आमचे बाबा बैलांच्या सौद्यात माहीर. तिथं कोणी तोंडानं भाव बोलत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उकिडवे बसतात, हातांवर उपरणं टाकतात, आणि उपरण्याखाली बोटांनी भाव चालतो. वरून पाहणाऱ्याला वाटावं दोन माणसं मुकाट बसली आहेत. बाबा सांगायचे, "पहिले ज्याचं तोंड उघडलं, त्याचा बैल गेला." आणि दुसरं सांगायचे की आपल्याला काय हवं ते आपण कधी सांगायचं नाही, समोरच्याला विचारू द्यायचं. या दोन गोष्टींवर मी माझा संसार उभा केला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बाबांसारखा झाला नाही, माझ्यासारखाही नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक होतं. दादा नाटकात बाईची कामं करायचा. लुगडं नेसून उभा राहिला की आमची आईसुद्धा गप्प व्हायची. आणि गळा असा की वरच्या सुरात गेला तरी पातळ होत नसे. पुढं त्याच घशात गाठ झाली. नागपूरला नेऊन ती काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. बोलायला गेला की फक्त हवा यायची. गावात राहवेना म्हणून मी त्याला भिलाईला आणलं. तो माझ्या शेडमध्ये फळ्यांतले खिळे उपटायचा. काही सांगायचं असलं की हातांनी सांगायचा. नाटकातलाच हात, त्यामुळे घरात सगळ्यांना समजायचं. डोक्यावरून पदर घेतल्याचा हात म्हणजे माझी बायको. मिशीला पीळ म्हणजे मी. माझ्या मिशा नव्हत्या, तरी.

एका उन्हाळ्यात रशियन साहेबांच्या क्वार्टरांच्या खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, पडद्यांच्या चौकटी बसवायचं काम मला मिळालं. दादा बरोबर होता. एका घरी चौकट ठोकत असताना आतून आवाज सुरू झाला. मी हातोडा तसाच चालवत राहिलो. दादानं माझं मनगट धरलं.

आत एक टकला, धिप्पाड माणूस खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये एक वाद्य धरून वाजवत होता. सारंगीच म्हणा, पण माणसाच्या उंचीची. शेजारी बादलीत ओला टॉवेल. आमच्या उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून तो ते ओलसर ठेवायचा, हे मला नंतर कळलं, आणि लाकडातला माणूस म्हणून पटलं. मी त्याला थोरली सारंगी म्हणायला लागलो. खरं नाव चेलो.

त्या दिवसापासून सुटीच्या सकाळी दादा मला ओढून तिकडं न्यायचा. त्या क्वार्टरासमोर नालीवर सिमेंटची पुलिया होती, तिच्यावर आम्ही बसायचो. साहेब नेहमी एकच वाजवायचा. पहिल्यांदा एक साधं गाणं यायचं, संथ, कोणीतरी निरोप घ्यावा तसं. मग तेच गाणं पुन्हा, पण आता त्याच्या अंगावर दागिने. पुन्हा तेच, पण धावत. मग दुसरं गाणं, जाड आवाजाचं. मग दोन्ही गाणी एकमेकांशी भांडल्यासारखी. हे सगळं एकच माणूस एकाच वाद्यावर करायचा. मग त्याचा डावा हात तारेवरून खाली खाली घसरत यायचा, जिथं तार उरलेलीच नसते तिथपर्यंत, आणि आवाज वर चढत बाईच्या गळ्याइतका बारीक व्हायचा. तिथं त्याचं चुकायचं. दर वेळी तिथंच. तो स्वतःच्याच भाषेत काहीतरी दातांखाली पुटपुटायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

हे काय आहे ते दुभाष्यानं सांगितलं. रशियनांच्या कामासाठी नेमलेला दिल्लीकडचा पोरगेला माणूस, चष्मेवाला, गोड बोलणारा.

"ये ऑपेरा के गाने हैं, ठेकेदार साहब. ऑपेरा मतलब पूरा नाटक, गाकर. किसी उस्ताद ने उसमें से गाने निकालकर अकेले चेलो के लिए पिरो दिए. इसको फँटेसी बोलते हैं."

"अन् गाएगा कौन?"

"कोई नहीं. हीरो, हीरोइन, बाप, सब चेलो."

"मतलब बोल काढून टाकले," मी दादाला म्हटलं, "अन् माल ठेवला."

दादाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. नाटक हा शब्द ऐकल्यावर तो कोणाचाच राहिला नाही. पुढच्या सुटीला पुलियावर बसून त्यानं मला सगळं फोड करून दाखवलं. पदर घेतल्याचा हात, म्हणजे ही नायिका. काठी टेकल्याचा हात, हा तिचा म्हातारा बाप, जाड गाणं त्याचं. छातीवर हात, हा नायक, हा जाऊन राहिला आहे. आणि ते बारीक, तारेच्या टोकाचं आलं की दादाचा हात स्वतःच्या गळ्यावर जायचा आणि मान आपोआप वर व्हायची. तिथं कसं चढावं लागतं ते त्यालाच माहीत. साहेब चुकला की दादा डोळे मिटायचा. मग उघडून माझ्याकडं बघायचा आणि हात उंच नेऊन हळूहळू खाली आणायचा. पडदा. म्हणजे, पडदा कधी पडतो रे?

आमच्याकडं नाटक अर्धवट सोडत नाहीत. पाऊस येवो, बत्ती विझो, बघणारे घरी जावोत, आरंभ केला की शेवटच्या गाण्यापर्यंत न्यायचंच. अर्धं राहिलेलं नाटक गावाला लागतं म्हणतात. दादानं तापात उभं राहून नाटकं संपवली होती. आणि इथं तो महिनोन् महिने एकाच नाटकाच्या त्याच जागेवर येऊन अडकत होता.

थंडी संपता संपता दादाच्या मानेला पुन्हा गाठ लागली. या वेळी डॉक्टरनं कापायचं नाव काढलं नाही. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी डॉक्टरवर ओरडलो. काही उपयोग झाला नाही, पण ओरडलो. घरी येताना दादानं सायकलच्या कॅरिअरवरून माझ्या पाठीवर थोपटलं, आणि मी वळून बघितलं तर हात वर नेऊन हळूहळू खाली आणला. मला वाटलं तो स्वतःबद्दल सांगतो आहे. मी म्हटलं, "असं नको करू गा दादा." त्यानं जोरजोरात मान हलवली, ते नव्हे, ते नव्हे, आणि रशियनांच्या क्वार्टरांकडं बोट दाखवलं.

त्याच सुमाराला साहेबाची इथली मुदत संपत आली. दुभाषी शेडवर आला. साहेबाला चेलो घरी न्यायला मजबूत पेटी हवी होती. आगगाडी, मग बोट, मग पुन्हा आगगाडी.

"कितना लेंगे?"

मी म्हटलं, "साहब से बोलो, पेटी बनेगी. लेने का बाद में देखेंगे."

बैल माझ्या दाव्याला आला होता. साहेबाला पेटी हवीच होती आणि अशी पेटी भिलाईत माझ्याशिवाय कोणी करू शकत नव्हतं. पेटी तयार झाली की तो विचारणार, काय देऊ? आणि मी सांगणार, बसा, आणि माझ्या भावासमोर ते अख्खं वाजवा. चुकलं तरी पुढं जा. शेवटपर्यंत.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "आत्ताच जाऊन विचारा ना सरळ. वाजवाले तो काय नाही म्हनते?"

"सरळ विचारलं का किंमत जाते. तुले काय समजते त्यातलं?"

"दादाले ऐकाचं हाय, अन् तुमी भाव करून राहिले. कोनाच्या जिवावर?"

मी ताटावरून उठलो. मला माझ्या धंद्यात शिकवलेलं खपत नाही.

दादाला मात्र मी शब्द दिला. पेटीच्या बदल्यात पूर्ण नाटक. ते ऐकून तो शेडच्या मागं गेला आणि त्याची ट्रंक उघडून नाटकातलं लुगडं घेऊन आला. हिरवं, जरीच्या काठाचं. त्याला त्यानं कोणाला हात लावू दिला नव्हता. पेटीच्या आत सावरीच्या कापसाची गादी लावायची होती, तिला वरून मऊ कापड लागणार होतं. त्यानं लुगड्याला स्वतः कात्री लावली. मी म्हटलं, "कावून फाडतो गा? मी मांजरपाट आनतो." त्यानं ऐकलं नाही. बसून, सुई घेऊन, त्या वाद्याच्या कमरेच्या आकारानं त्यानं अस्तर शिवलं. पेटी मी पाइनचीच केली. त्यांच्या देशाचं लाकूड त्यांच्या देशाला परत. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, आणि झाकणाला पितळी स्क्रू. ते स्क्रू मी लावले नाहीत. खिशात ठेवले. झाकणाशिवाय पेटी जात नाही, आणि स्क्रूशिवाय झाकण बसत नाही.

साहेबाच्या निघण्याचा दिवस अलीकडं आला. कारण मला कोणी सांगितलं नाही. दुभाषी सकाळी धापा टाकत आला की आजच, ट्रक दुपारी दुर्ग स्टेशनला निघेल, पेटी घेऊन चला. दादाला त्या दिवशी उठवत नव्हतं. तरी तो धुतलेला सदरा घालून हातगाडीवर पेटीला धरून बसला.

घर रिकामं झालं होतं. खिडक्यांना माझ्याच खसच्या चौकटी उरल्या होत्या. साहेबानं पेटी बघितली, आतल्या हिरव्या कापडावरून बोट फिरवलं, ते जरीच्या काठाशी थांबलं. "बहुत अच्छा," म्हणाला. तेवढं हिंदी त्याला येत होतं. चेलो आणून त्यानं स्वतः आत निजवला. असा बसला, जणू तिथंच वाढला होता. मी झाकण भिंतीला टेकवून उभा राहिलो. आता विचारेल, म्हटलं.

त्यानं विचारलं नाही. बायकोला काहीतरी म्हणाला. ती येऊन सामानाच्या ट्रंकेवर बसली. तो दुसऱ्या ट्रंकेवर बसला. दुभाषी खिडकीच्या कट्ट्यावर बसला. ट्रकच्या ड्रायव्हरलासुद्धा बाहेरून आत बोलावून बसवलं. मग साहेबानं आम्हाला दोघांना हातानं खूण केली, बसा. आम्ही पेटीशेजारी जमिनीवर बसलो. आणि सगळे गप्प.

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या. तुलाही येतं तर.

तो गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होता. त्याच्या बोटांकडं माझं बारीक लक्ष होतं. मला बाबा आठवले, उपरणं आठवलं. पहिले ज्याचं तोंड उघडलं, त्याचा बैल गेला. दादानं माझ्या बाहीला ओढलं. मी त्याचा हात दाबून धरला, थांब. त्यानं पुन्हा ओढलं. मी पुन्हा दाबला. चेलो अजून उघड्यावर होता, साहेब त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. कोणीही एक शब्द बोललं असतं तर पुरलं असतं. आणि माझी छाती फुगली होती की आपण किती छान धरून ठेवलं आहे.

साहेबानं गुडघ्यांवर थाप मारली आणि उठला. सगळे उठले. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले, जसं काही उरकलं. त्यानं माझ्या हातात एक वस्तू दिली, चहाचा ग्लास ठेवायची धातूची कडीवाली वाटी, नक्षीची. मला मिठी मारली. दादाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग झाकणाकडं बोट दाखवलं.

"अरे, बजाना है!" मी दुभाष्याला म्हटलं. "पेटी का यही दाम है. मेरे भाई के सामने पूरा बजाना है. आखिर तक."

दुभाष्याचा चेहरा उतरला. "अब? अब तो ये लोग बैठ चुके."

"बैठ चुके मतलब?"

"सफर से पहले सब मिलकर चुप बैठते हैं. शगुन है. बैठ गए तो बस, उसके बाद वापस मुड़कर कुछ नहीं करते. और आपने तो कुछ माँगा ही नहीं था. मैंने बोल दिया कि तोहफा है."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या बापापर्यंत गेलो. साहेब विचारत होता काय झालं, आणि दुभाषी सांगत होता, आणि मी साहेबाचा चेहरा बघत होतो. त्यानं दादाकडं बघितलं. चेलोकडं बघितलं. एक पाऊल पेटीकडं टाकलं सुद्धा. बायकोनं घाबरून त्याचं मनगट धरलं, काहीतरी हळू म्हणाली. बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. साहेबानं दादाचा हात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ बोलत राहिला.

"क्या बोल रहा है?"

"बोल रहे हैं, एक बार कह देते. रोज़ बजाता."

मी म्हटलं, "स्क्रू नहीं दूँगा. पेटी यहीं रहेगी. जाओ, क्या करते हो करो."

मी दारात उभा, मूठ खिशात. मग दादा भिंतीला धरत उठला, माझ्याजवळ आला, आणि त्यानं माझ्या खिशात हात घातला. माझी मूठ त्यानं एकेक बोट करून उघडली. उपरण्याखाली उघडतात तशी. स्क्रू काढून साहेबाच्या हातात दिले.

साहेबाला ते लावता येईनात. पितळ मऊ असतं, तिरका गेला की माथा उडतो. त्याचा पहिलाच वाकडा चालला होता. मला ते बघवेना. शेवटी मीच पेचकस घेतला आणि मीच ते झाकण बंद केलं.

ट्रक निघाला तेव्हा साहेबानं केबिनमधून अर्धं अंग बाहेर काढलं आणि तोंड उघडून गायला लागला. आमच्याकडं बघून, एक हात हवेत फिरवत. शेवटच गात असणार. दुसरं काय गाईल? पण डिझेलच्या घरघरीत एक सूर आला नाही. नुसतं उघडमिट करणारं तोंड. दादा रस्त्याच्या मधोमध उभा राहून, ट्रक वळेपर्यंत त्याच्या ओठांकडं टक लावून बघत होता.

घरी येताना मी हातगाडी ओढत होतो, दादा वर बसला होता. मी विचारलं, "काही समजलं का गा? काय होते शेवटी?" त्यानं पदर घेतल्याचा हात केला. मग तो हात तसाच राहिला. पुढं काही दाखवलं नाही.

त्यानंतर तो खाटेवरच होता. दुपारी शेडमधून आलो की दिसायचं, त्याची डावी बोटं खाटेच्या कडेच्या पट्टीवर चालत असायची, खाली खाली, तारेच्या टोकाकडं, आणि तिथं थांबायची. मग माझ्याकडं बघायचा. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी मला बोलता येतं. मी म्हणायचो, "मले माहीत नाही दादा." बायको दारात उभी असायची, पण ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पावसाळा लागायच्या आत तो गेला.

पुढं मी पुष्कळ विचारलं. रेडिओवाल्यांना विचारलं, नंतर सिविक सेंटरला रेकॉर्डी मिळायला लागल्या तिथं विचारलं. ते म्हणतात नाव सांगा. नाव मी दुभाष्याला विचारलं नव्हतं. म्हणतात, गाऊन दाखवा. मला गळा नाही, तरी दुकानात उभा राहून मी गातो, संथ गाणं, दागिने घातलेलं गाणं, बापाचं जाड गाणं. पोरं हसतात, हसू देत. त्या बारीक जागेपर्यंत मला येतं.